आदळलेल्या गाडीचा फोन लागेल, याची खात्री कशी केली जाते?

मोटारगाडीच्या बहुतेक भागांची परीक्षा ते धडधाकट असताना घेतली जाते. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते, दिव्याचा झोत कुठपर्यंत पोहोचतो, धुरात कोणते वायू किती प्रमाणात आहेत, हे सारे शाबूत गाडीवर मोजता येते. युरोपात ‘ईकॉल’ या नावाने ओळखली जाणारी स्वयंचलित आपत्कालीन कॉल यंत्रणा मात्र याला अपवाद आहे. बहुसंख्य गाड्यांमध्ये तिच्यावर काम करण्याची वेळ कधी येतच नाही, आणि आली तर ती नेमकी गाडीचा दर्शनी भाग चेपलेला असताना, बॅटरीची जोडणी तुटलेली असण्याची शक्यता असताना आणि आतला माणूस बोलण्याच्या स्थितीत असेलच याची शाश्वती नसताना येते. अशा यंत्रणेला सरकारी मान्यता द्यायची, तर तिला आधी आदळावे लागते आणि मग तिच्याकडून फोन लावून घ्यावा लागतो.

युरोपीय संघाने एप्रिल २०१५ मध्ये केलेल्या ७५८ क्रमांकाच्या नियमानुसार, ३१ मार्च २०१८ पासून मान्यतेसाठी येणाऱ्या प्रवासी मोटारींच्या आणि हलक्या मालवाहू वाहनांच्या प्रत्येक नव्या प्ररूपात ही यंत्रणा बंधनकारक झाली. जोराचा अपघात झाला की एअरबॅग उघडणाऱ्या संवेदकांकडूनच सहसा तिला इशारा मिळतो. ती ११२ हा क्रमांक स्वतः लावते, अपघाताची जुजबी माहिती पाठवते आणि गाडीतील माणसे व आपत्कालीन केंद्रातील कर्मचारी यांच्यात बोलणे सुरू करून देते. मदत पोहोचण्याचा वेळ यामुळे शहरांत ४० टक्क्यांनी आणि ग्रामीण भागात ५० टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता. यातील ‘नवे प्ररूप’ ही अट महत्त्वाची आहे. मान्यता दिली जाते ती एकेका गाडीला नव्हे, तर गाडीच्या प्ररूपाला. त्यामुळे ज्या मॉडेलला आधीच मान्यता मिळालेली होती, ते २०१८ नंतरही ईकॉलविना विकले जाऊ शकत होते. ‘२०१८ नंतरच्या सर्व युरोपीय गाड्यांत ईकॉल असतो’ हे सर्रास ऐकू येणारे विधान म्हणूनच बरोबर नाही.

चाचण्यांचा तपशील २०१७ सालच्या ७९ क्रमांकाच्या पूरक नियमात आहे. त्यातील पहिली कसोटी थेट धक्क्याची आहे. यंत्रणेचे भाग, म्हणजे नियंत्रक, मोबाइल जाळ्याशी जोडणारा संच, अँटेना, त्यांच्या तारा आणि जोडण्या, रुळांवरून धावणाऱ्या एका गाड्यावर बसवले जातात आणि त्या गाड्याला गुरुत्वाकर्षणाच्या साठपटीहून अधिक मंदनाचा झटका दिला जातो. झटका सेकंदाच्या काही शतांश भागांपुरताच असतो, पण तेवढ्यात सैल सोल्डर निघतो, खोबणीतून पिन सुटते, कवचाला तडा जातो. त्यानंतर त्याच भागांकडून चाचणी-कॉल लावून घेतला जातो. या चाचणीखेरीज संपूर्ण गाडीही आदळावी लागते. समोरून होणाऱ्या टकरीच्या चाचणीत गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने, पुढच्या भागाच्या केवळ एका बाजूने, चेपणाऱ्या अडथळ्यावर नेली जाते, आणि बाजूच्या टकरीच्या चाचणीत ताशी ५० किलोमीटर वेगाचा अडथळा गाडीच्या कुशीत घुसवला जातो. प्रवाशांच्या संरक्षणासाठी या दोन्ही चाचण्या पूर्वीपासून होतच होत्या. ईकॉलच्या नियमाने त्यांत एवढीच भर घातली, की त्या धडकेत यंत्रणा कोणी हात न लावता जागी झाली पाहिजे.

विजेची अट मला या नियमातील सर्वांत विचारपूर्वक घातलेली अट वाटते. वीज मुख्य बॅटरीतून येवो की वेगळ्या राखीव बॅटरीतून, यंत्रणेने आधी किमान ५ मिनिटे बोलणे चालू ठेवले पाहिजे, मग ६० मिनिटे जाळ्यावर नोंदलेली राहून केंद्राच्या उलट फोनची वाट पाहिली पाहिजे आणि त्यानंतर पुन्हा किमान ५ मिनिटे बोलणे करता आले पाहिजे. रुग्णवाहिका वाटेत असताना केंद्राला पुन्हा विचारणा करावी लागू शकते, हे ज्याने ही अट लिहिली त्याला पक्के ठाऊक असणार. ध्वनीची चाचणी तर आजही माणसाच्या कानावर सोपवलेली आहे. आदळून झालेल्या गाडीत एक परीक्षक बसतो, दुसरा लांब फोनच्या दुसऱ्या टोकाशी असतो, आणि ठरवून दिलेली वाक्ये दोघे एकमेकांना वाचून दाखवतात. स्पीकर आणि मायक्रोफोन विजेच्या मोजमापांत उत्तीर्ण झाले, तरी बोलणे कळत नसेल तर त्याचा उपयोग शून्य असतो.

या कॉलमधून जाणाऱ्या माहितीच्या संचाची कमाल मर्यादा १४० बाइट आहे. तेवढ्यात कॉल आपोआप लागला की बटण दाबून, गाडीचा ओळख क्रमांक, वाहनाचा वर्ग, इंधनाचा प्रकार, वेळ, स्थान, प्रवासाची दिशा आणि हवे असल्यास प्रवाशांची संख्या बसवली जाते. इंधनाचा प्रकार विशेष मोलाचा आहे, कारण पेट्रोलची टाकी, वायूचे नळकांडे आणि उच्च विद्युत दाबाची बॅटरी यांच्यापाशी जाताना अग्निशामक दलाला वेगवेगळी तयारी करावी लागते.

ही माहिती जाते कशी, हा खरा नवलाचा भाग आहे. ती इंटरनेटवरून जात नाही, एसएमएसनेही जात नाही. ती चालू असलेल्या फोनच्या आवाजाच्या वाटेनेच जाते. यामागे साधा हिशेब होता. एसएमएस किती वेळात पोहोचेल याची हमी नसते, तर ११२ च्या कॉलला प्राधान्य मिळते, ज्या कंपनीचे जाळे हाताशी असेल त्यावरून तो लागतो, आणि माहिती व आवाज एकाच कर्मचाऱ्यापर्यंत एकाच वेळी पोहोचतात. अडचण अशी, की मोबाइल फोन आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. मानवी कंठातून निघू शकणाऱ्या ध्वनीचे गणिती प्रतिमान वापरून तो आवाज आवळतो, आणि जे बोलण्यासारखे वाटत नाही ते गाळतो किंवा विकृत करतो. जुन्या दूरध्वनी-मोडेमचे कर्कश सूर अशा वाटेवर तग धरत नाहीत. म्हणून ईकॉलसाठी वेगळा मोडेम घडवण्यात आला. तो स्पंदांच्या वेळेतील जागा बदलून माहिती लिहितो, आणि ते स्पंद असे आखलेले असतात, की आवाज आवळणाऱ्या यंत्रणेला ते बोलण्याइतकेच ओळखीचे वाटावेत. चुका दुरुस्त करणारी सांकेतिक भर आणि पुन्हा पाठवण्याची सोय त्यात अंतर्भूत आहे. सिग्नल चांगला असेल तर चार-पाच सेकंदांत काम होते. तोवर गाडीतील स्पीकर बंद ठेवला जातो. आणि २० सेकंदांत माहिती पोहोचली नाही, तर प्रयत्न सोडून बोलणे सुरू केले जाते, कारण जखमी माणसाचा आवाज १४० बाइटांपेक्षा महत्त्वाचा आहे. मान्यतेच्या चाचणीत हा सारा संवाद खऱ्या ११२ केंद्राशी न करता चाचणीसाठी उभारलेल्या वेगळ्या केंद्राशी केला जातो आणि पोहोचलेला प्रत्येक रकाना तपासला जातो.

स्थाननिश्चितीची अट आकड्यांत स्पष्ट आहे. मोकळ्या आकाशाखाली आडव्या प्रतलातील चूक १५ मीटरपेक्षा जास्त नसावी, आणि उंच इमारतींनी आकाश झाकलेल्या परिस्थितीत ती ४० मीटरच्या आत असावी. दोन्ही मर्यादा ९५ टक्के वेळा पाळल्या गेल्या पाहिजेत. उपग्रहांचे संकेत यासाठी प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने निर्माण केले जातात, आणि युरोपच्या गॅलिलिओ व एग्नोस या उपग्रह-आधारित स्थाननिश्चितीच्या सेवांचा वापर करता येणे बंधनकारक आहे. एक गंमत अशी, की संदेशातील अक्षांश-रेखांश कोनाच्या सेकंदाच्या हजाराव्या भागात लिहिलेले असतात, म्हणजे जमिनीवर सुमारे ३ सेंटीमीटरच्या बारकाईने. लिहिण्याची बारकाई आणि मोजण्याची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरले तर पडद्यावरचे ते लांबलचक आकडे फसवे ठरू शकतात.

आता सर्वांत अवघड परीक्षा. गाडीत कायमचा मोबाइल संच आणि उपग्रह-ग्राहक बसवल्यावर सरकार किंवा कंपनी आपला माग काढील, ही भीती युरोपात सुरुवातीपासून व्यक्त झाली. त्यामुळे अपघात होईपर्यंत यंत्रणेने जाळ्याशी संबंध ठेवू नये आणि मागच्या तीनपेक्षा जास्त स्थाने स्मृतीत साठवू नयेत, असे ठरले. एखादी गोष्ट घडते हे दाखवणे सोपे असते. ती घडत नाही हे दाखवणे कठीण. चाचणीत केंद्राकडून गाडीला फोन लावून पाहिला जातो, आणि तो लागता कामा नये. माझ्या मते हा पुरावा मर्यादित आहे, कारण त्याच गाडीत कंपनीची इतर जोडलेली सेवा वेगळ्या वाटेने चालू असू शकते, आणि तिच्यावर हा नियम त्याच कडकपणे लागू होत नाही.

प्रमाणपत्र कशावर बोलत नाही, हेही पाहिले पाहिजे. कॉल सुरू होण्यासाठी धक्का किती जोराचा असावा, याचा एकच आकडा नियमात नाही. ठरावीक टकरींत यंत्रणा जागी झाली पाहिजे, एवढेच सांगून बाकीचा निर्णय उत्पादकावर सोडलेला आहे. खड्ड्यात जोराने आदळलेले चाक आणि झाडावर आपटलेली गाडी यांतील फरक गाडीच्या सांगाड्यानुसार बदलतो, म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण उलटलेल्या गाडीत किंवा मागून बसलेल्या धडकेत काय होईल, हे मान्यतेच्या कागदावरून कळत नाही. फोन उचलणाऱ्या केंद्रांची जबाबदारी तर या मान्यतेच्या बाहेरच आहे. ती १ ऑक्टोबर २०१७ पर्यंत सज्ज करण्याचे बंधन सदस्य देशांवर वेगळ्या निर्णयाने घालावे लागले.

रशियाने याच धर्तीवर ‘एरा-ग्लोनास’ ही यंत्रणा उभारली आणि १ जानेवारी २०१७ पासून ती सर्व नव्या गाड्यांसाठी सक्तीची केली. आवाजाच्या वाटेने माहिती गेली नाही तर तेथे एसएमएसचा आडमार्ग ठेवलेला आहे. २०२२ मध्ये निर्बंधांमुळे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा रशियाने ही यंत्रणा नसलेल्या गाड्यांनाही तात्पुरती सवलत दिली. वेगवेगळ्या देशांच्या अटी जुळाव्यात यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत १४४ क्रमांकाचा विनियम तयार झाला आणि जुलै २०१८ मध्ये तो अमलात आला.

तो विनियम वाहनांच्या तांत्रिक अटींविषयीच्या ज्या १९५८ च्या करारावर उभा आहे, त्यात भारत नाही. आपल्याकडचा जवळचा नातेवाईक म्हणजे पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रकाशित केलेले ‘एआयएस-१४०’ हे मानक. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, काही वर्ग वगळता, त्यानुसार स्थानदर्शक उपकरण आणि आपत्कालीन बटण लागते. दोहोंचा स्वभाव मात्र जवळजवळ उलटा आहे. ईकॉलला अपघात होईपर्यंत आपण गप्प आहोत हे सिद्ध करावे लागते, तर एआयएस-१४० चे उपकरण ठरावीक अंतराने स्थान कळवत राहिले तरच उत्तीर्ण होते. ईकॉल धक्क्याने जागा होतो, आणि इथे मदतीच्या संदेशाची भिस्त मुख्यतः बटण दाबणाऱ्या प्रवाशावर आहे. बसमधील छेडछाड किंवा दमदाटी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या व्यवस्थेत ते योग्यच आहे. घाटात दरीत कोसळलेल्या बससाठी ते पुरेसे नाही.

युरोपात सध्या वेगळाच पेच आहे. आवाजाच्या वाटेने माहिती पाठवणारा मोडेम २जी आणि ३जी जाळ्यांसाठी बनवलेला आहे, आणि ती जाळी बंद होत आहेत. जर्मनीत ३जी २०२१ मध्येच बंद झाले. तेथे जुन्या ईकॉलला आता २जीचाच आधार आहे. गाडीचे प्रमाणपत्र वैध, उपकरण शाबूत, बॅटरी भरलेली, आणि तरीही फोन लागणार नाही, अशी वेळ येऊ शकते. यावर उपाय म्हणून २०२४ च्या सुधारित नियमाने ४जी आणि ५जी वरून चालणारा नव्या पिढीचा ईकॉल आणला. नव्या प्ररूपांना तो १ जानेवारी २०२६ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना १ जानेवारी २०२७ पासून लागू होतो. युरोपातील मोटारीचे सरासरी वय बारा वर्षांच्या आसपास आहे, तेव्हा २०२६ च्या अखेरीस जुन्या मोडेमसह विकलेली गाडी २०३८ मध्येही रस्त्यावर असू शकते. तिचे नुसते सॉफ्टवेअर बदलून भागत नाही, मोबाइल संच बदलावा लागतो, आणि तो खर्च कोणी करावा, मालकाने, उत्पादकाने की जाळे बंद करणाऱ्या कंपनीने, हे मान्यतेच्या नियमाने सोडवलेले नाही. भारताने उद्या खासगी मोटारींसाठी अशी यंत्रणा आणायची ठरवली, तर युरोपने टाकून दिलेला टप्पा उचलण्याचे कारण नाही; जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेच केवळ ४जीवर, म्हणजे जुन्या पद्धतीचा ईकॉल त्या जाळ्यावर पहिल्या दिवसापासूनच मुका राहिला असता.