कणीक आधी की विस्तव?

हिवाळ्यात वांगी निघायला लागली की आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यात, कुणाच्या ना कुणाच्या वावरात रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, स्वयंपाक होतो. पन्नास-साठ माणसं जेवणार असतात, पण कुणाच्या हातात कागद नसतो. कोणी गोवऱ्या रचतं, बाया कणीक मळतात, पोरं वांगी चिरतात. काय आधी आणि काय नंतर, ते सगळं काकाजींच्या डोक्यात. मागच्या वर्षी त्यांना यायला उशीर झाला आणि पोरांनी उत्साहात गोवऱ्या पेटवून दिल्या. रोडगे वळून होईपर्यंत विस्तवाची राख झाली होती. काकाजी आले, राखेकडे पाहिलं आणि म्हणाले, "कनिक मयली नाई, अन् इस्तो कायले पेटवला बाप्पा?"

सॉफ्टवेअर तयार करतानाही नेमकं हेच घडतं. प्रोग्रामर लिहितो तो मजकूर संगणकाला थेट चालवता येत नाही. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या प्रत्येक फाइलचं आधी यंत्राच्या भाषेत रूपांतर करावं लागतं, मग ते तुकडे जोडून एक प्रोग्राम बनतो. चार फाइली असतील तर हे हातानं जमतं. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात मात्र हजारो फाइली आहेत. त्यातली एक ओळ बदलली म्हणून सगळं पहिल्यापासून करत बसलं, तर माझ्या जुन्या लॅपटॉपवर दिवस मावळतो, आणि तेवढा वेळ गावात लाइन टिकेल याची खात्री नाही. म्हणून कोणतं काम करायची गरज नाही हे ओळखणारं अवजार लागतं. त्याला बिल्ड टूल म्हणतात आणि त्यातलं सर्वांत जुनं, आजही रोजच्या वापरातलं, म्हणजे 'मेक'.

मेकचा जन्म 1976 सालचा, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतला. स्टीव्ह जॉन्सन हा प्रोग्रामर एका सकाळी संतापून आपला सहकारी स्टुअर्ट फेल्डमन याच्या खोलीत आला. अख्खी सकाळ तो एका प्रोग्राममधली चूक शोधत होता आणि चूक तर त्यानं आधीच दुरुस्त केली होती! दुरुस्त फाइलचं नव्यानं रूपांतर करायचं तेवढं राहून गेलं होतं, त्यामुळे चालत होता तो जुनाच तुकडा. फेल्डमनही आदल्या संध्याकाळी अशाच घोळात अडकला होता. त्यानं शनिवार-रविवारात मेक लिहून काढलं.

मेकला सांगायचं असतं ते एवढंच: कोणती वस्तू कशावर अवलंबून आहे आणि ती कशी करायची. रोडग्यांसाठी लिहायचं झालं तर 'रोडगे : कणीक विस्तव' अशी एक ओळ, आणि तिच्याखाली भाजायची कृती. या कृतीला मेकच्या भाषेतही 'रेसिपी'च म्हणतात. मग कणकेची ओळ, विस्तवाची ओळ. या ओळींवरून मेक मनाशी एक जाळं विणतं आणि ज्याला कशाचीच वाट पाहायची नाही अशा कामापासून सुरुवात करतं. जे तयार आहे आणि ज्याचा कच्चा माल नंतर बदललेला नाही, त्याला ते हातही लावत नाही.

पण बदललं की नाही, हे त्याला कळतं कसं? मेक स्वतःजवळ कसलीच नोंद ठेवत नाही. प्रत्येक फाइलवर शेवटच्या बदलाची वेळ असते, तेवढीच पाहतं. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा असेल तर काम पुन्हा करायचं. अतिशय साधी, अतिशय वेगवान युक्ती. पन्नास वर्षं ती टिकली याचं मला मनापासून कौतुक आहे, पण तिनं मला एकदा चांगलंच रडवलं.

मी वऱ्हाडी शब्दांचा एक कोश तयार करतो आहे. शब्दांच्या साध्या फाइली, त्यांतून अनुक्रमणिका, आणि शेवटी छापायची पानं, सगळं मेकच्या भरवशावर. माझ्या जुन्या डेस्कटॉपच्या बोर्डावरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी उतरली होती. रात्री लाइन गेली, सकाळी मशीन सुरू केलं तर घड्याळ काही वर्षं मागे. मला ते दिसलं नाही. मी 'कायले' या शब्दाची नोंद सुधारली, मेक चालवलं, तर ते म्हणालं की सगळं ताजं आहे, करायला काही नाही. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. माझ्या आत्ताच्या बदलावर जुन्या सालाचा शिक्का पडत होता आणि कालची पानं मेकच्या हिशेबानं भविष्यातली होती. खरं तर ते मला सावध करत होतं: फाइलीची वेळ पुढची दिसते, घड्याळात गडबड आहे, काम अर्धवट राहिलं असेल. ती ओळ मी तासभर वाचलीच नव्हती.

म्हणूनच, वेळेऐवजी फाइलीतला मजकूरच का तपासू नये, ही सूचना मेकच्या बाबतीत पुन्हा पुन्हा येते. मजकुराचा 'हॅश' काढता येतो. फाइल केवढीही असो, तिच्यातून ठरावीक लांबीचा आकडा निघतो, आणि एक काना-मात्रा बदलली तरी तो आकडा पार बदलतो. एसकॉन्स आणि गूगलनं 2015 मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं बेझल ही अवजारं याच वाटेनं जातात. त्यात आणखी एक फायदा आहे. प्रोग्राममधल्या, फक्त माणसांनी वाचायच्या टिपणातली नुसती वेलांटी दुरुस्त केली आणि रूपांतर होऊन आलेला तुकडा अक्षर न् अक्षर पूर्वीसारखाच निघाला, तर पुढची कामं तिथेच थांबवता येतात. मेक मात्र वेळ नवी दिसली की शेवटपर्यंत धावतं.

मग मेकनंही हेच का स्वीकारू नये? वेळ पाहायला फाइल उघडावी लागत नाही, हॅशसाठी ती पूर्ण वाचावी लागते. शिवाय जुने हॅश कुठेतरी लिहून ठेवायला वही हवी, ती वही बिघडली तर काय करायचं तेही ठरवायला हवं, आणि मेकचा सगळा साधेपणा वही नसण्यात आहे. माझी सकाळ वाया गेली तरी मला हे कारण पटतं. घड्याळ दुरुस्त करता येतं, एक नवी बॅटरी लागते.

जुन्या अवजारात सुधारणा करणं किती नाजूक असतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण टॅबचं आहे. मेकमध्ये कृतीची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते, मोकळ्या जागा दिल्या तर चालत नाही. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, त्यामुळे नवशिक्यांचे तासन्‌तास जातात. ही खोड फेल्डमनला काही आठवड्यांतच जाणवली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, बहुतेक त्याचे मित्रच, आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या 'ग्नू मेक' या मेकच्या रूपात टॅबऐवजी दुसरं चिन्ह नेमायची सोय आली ती 2010 मध्ये. टॅब अजून आहेच, कारण तो काढला तर जगातल्या असंख्य प्रोग्रामांची बांधणी एका रात्रीत कोसळेल.

एकाच वेळी अनेक कामं सुरू करायला मेकला सांगता येतं. वांगी चिरायला चार हात मोकळे असतील तर एकानंच का चिरायची? पूर्वी अशा वेळी सगळ्या कामांचे निरोप एकमेकांत मिसळून पडद्यावर नुसता गलका व्हायचा. ग्नू मेकच्या 2013 च्या आवृत्तीपासून प्रत्येक कामाचं बोलणं एकत्र धरून दाखवायची सोय झाली. पण खरा धोका वेगळाच होता. एखादं अवलंबन लिहायचं राहून गेलं असेल आणि कामं एकामागून एक, लिहिलेल्या क्रमानंच होत असतील, तर ती चूक वर्षानुवर्षं कळत नाही. चार हात एकदम लागले की कधी तरी, दहात एकदा, काम फसतं, आणि पुन्हा चालवलं तर बरोबर होतं. अशी चूक पकडणं फार कठीण.

2022 मध्ये आलेल्या 4.4 आवृत्तीत यावर मला अतिशय आवडलेला उपाय आहे. त्याचं नाव 'शफल', म्हणजे पत्ते पिसणं. मेक मुद्दाम कामांचा क्रम उलटसुलट करतं. अवलंबनं खरी लिहिली असतील तर कोणत्याही क्रमानं निकाल बरोबरच यायला हवा. काम फसलं तर चुकीच्या निरोपासोबत मेक एक आकडा देतं आणि तोच आकडा परत दिला की पत्ते अगदी तसेच पिसले जातात. दहात एकदा दिसणारी चूक मग हवी तेव्हा समोर उभी करता येते.

मी माझ्या कोशाची सगळी तयार पानं पुसली आणि शफल लावलं. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही, तिसऱ्यांदा फसलं. पानं अनुक्रमणिका मागत होती आणि अनुक्रमणिका अजून तयारच नव्हती. माझ्या यादीत ती पानांच्या वर लिहिलेली होती, म्हणून इतके दिवस आपोआप आधी होत होती. पानांच्या ओळीत मी तिचं नाव जोडलं, सगळं पुन्हा पुसलं, मेकनं दिलेला तोच आकडा टाकला आणि एंटर दाबलं. या खेपेला आधी अनुक्रमणिका झाली, मग पानं.