काजूच्या बुंध्याशी वाकून पाहा

मागच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या बागायतीत काकांनी मला एक जुनं काजूचं झाड दाखवायला नेलं. मी मान वर करून पाहिलं. पालवी हिरवीगार होती, एका फांदीला मोहोर आणि दुसरीला लाल बोंडू, म्हणजे काजूची फळं, लटकलेले.

"वर काय बघतोस? खाली बस," काका म्हणाले.

बुंध्याशी साचलेला पाचोळा त्यांनी हाताने बाजूला सारला. मुळाला लागून ओंजळभर तांबूस भुसा पडला होता. लाकडाच्या गिरणीत पडतो तसाच, पण ओलसर, आणि त्यात डिंकाचे काळपट गोळे. काकांनी कोयत्याच्या टोकाने तिथली साल अलगद उचलली. आत भुशाने ठासून भरलेला वेडावाकडा बोगदा, आणि बोगद्याच्या टोकाला बोटाएवढी जाड, मलईच्या रंगाची अळी. डोकं तपकिरी, जबडा काळा, अंगावर वळ्याच वळ्या.

हा काजूचा खोडकिडा. कोकणात याला रोठा म्हणतात. लांब मिशांचा, तांबूस तपकिरी भुंगा बुंध्याच्या खालच्या मीटरभर भागात सालीच्या भेगांत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर अंडी घालतो. चार-सहा दिवसांत अळी बाहेर येते आणि थेट सालीखाली शिरते. पुढचे सहा-सात महिने ती तिथेच खात राहते. वाढ पूर्ण झाली की लाकडात किंवा मुळात खोल जाऊन स्वतःभोवती चुनखडीसारखं पांढरं, टणक कवच बनवते आणि त्यात कोष करते. मेलेलं झाड फोडताना अशी कवचं सापडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती एखाद्या पक्ष्याची अंडीच वाटतात.

एवढी अळी एवढं झाड कशी मारते? झाडाची सगळी वाहतूक दोन वाटांनी चालते. लाकडातल्या जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर नेतात. सालीला आतून चिकटलेल्या पातळ थरातल्या रसवाहिन्या पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांपर्यंत पोचवतात. अळीला आवडतो तो हाच दुसरा, गोड थर. ती बुंध्याभोवती खात फिरते आणि अन्नाची वाट तुटत जाते. पाणी मात्र काही काळ वर जात राहतं, म्हणून पानं हिरवी दिसतात. तळाशी मुळं उपाशी मरत असतात. पानं पिवळी पडून गळायला लागतात तेव्हा बरेचदा अर्ध्याहून जास्त घेर पोखरलेला असतो, आणि त्या अवस्थेतलं झाड वाचत नाही. वाचवता येतं ते अजून निरोगी दिसणारं झाड. लोक येऊन सांगतात, "झाड पिवळं पडलंय, काय मारू?" तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण विचारायची वेळ त्याआधीच निघून गेलेली असते.

हीच गोष्ट अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडली आहे. तिथे अ‍ॅश नावाचं झाड आहे, आपल्या मोगऱ्याच्या आणि पारिजातकाच्या कुळातलं. त्याचं लाकूड चिवट, अवजारांच्या दांड्यांना आणि बेसबॉलच्या बॅटींना वापरतात. गावोगावच्या रस्त्यांवर सावलीसाठी ही झाडं लावलेली होती. २००२ साली डेट्रॉईट शहराच्या परिसरात ती मरू लागल्याचं लक्षात आलं. सालीखाली एका चकचकीत हिरव्या भुंग्याच्या अळ्या सापडल्या. हा भुंगा जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा, मूळचा ईशान्य आशियातला. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो बहुधा १९९०च्या दशकातच येऊन पोचला असावा. म्हणजे तो दिसायच्या आधी कित्येक वर्षं त्याचं काम चालू होतं. तेव्हापासून कोट्यवधी अ‍ॅश मेले आहेत. अ‍ॅश पाणी वर नेतो ते मुख्यतः लाकडाच्या सगळ्यात बाहेरच्या कड्यातून, आणि हिरव्या भुंग्याची अळी नेमकी तिथपर्यंत कुरतडते. त्यामुळे त्याच्या दोन्ही वाटा एकदम बंद होतात.

चीनच्या रानातले अ‍ॅश मात्र या भुंग्याला पुरून उरतात. तिथे तो मुख्यतः आधीच कमजोर झालेल्या झाडांवर पडतो, कारण झाड आणि भुंगा हजारो वर्षं शेजारी राहिले आहेत. सालीत कोणती कडू रसायनं किती ठेवायची हे तिथलं झाड शिकून बसलंय. अमेरिकेतल्या अ‍ॅशला हा शेजारी कधी भेटलाच नव्हता.

आपल्याकडे हेच उलटं घडलं. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी १६व्या शतकात इथे आणला. आज तो गोव्याच्या डोंगरांवर इतका रुळलाय की त्याला परका म्हणायला जीभ वळत नाही. बोंडूच्या रसापासून काढलेल्या दारूला, म्हणजे काजू फेणीला, २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. रोठा मात्र इथलाच. तिकडे घरच्या झाडावर परका भुंगा आला, इकडे परक्या झाडाला घरचा भुंगा भेटला. ओळख नसलेले दोन जीव एकत्र आले की काय होतं, ते समजायला ही दोन झाडं शेजारी ठेवून पाहावीत.

अमेरिकेत उपाय काय झाले, त्यातलं आपल्या कामाचं थोडं सांगतो. रस्त्यावरच्या मोलाच्या झाडांच्या खोडात कीटकनाशक टोचतात आणि त्याने दोन-तीन वर्षं संरक्षण मिळतं. पण निम्मी पालवी गेल्यावर टोचून उपयोग नसतो, आणि रानभर झाडांना कोण टोचत बसणार? म्हणून २००७पासून भुंग्याच्या मूळ देशातल्या बारीक गांधीलमाश्या आणून रानात सोडल्या. माणसाला त्या चावत नाहीत. त्यांतली एक भुंग्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते, तर दुसरी साल भेदून अळीच्या अंगात अंडी घालते. या दुसरीची नांगी आखूड असल्याने जाड सालीच्या मोठ्या झाडांत तिचं काही चालत नाही. पातळ सालीची कोवळी रोपं मात्र ती वाचवते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण जुनं झाड गेलं तरी पुढची पिढी उभी राहते.

आणखी एक धडा सरपणाचा. हिरवा भुंगा फार लांब स्वतः उडत गेला नाही. सहलीला निघालेल्या माणसांनी गाडीत टाकलेल्या जळाऊ लाकडाबरोबर तो शेकडो किलोमीटर गेला. आपण काय करतो? मेलेला काजू तोडतो, ओंडके भट्टीशेजारी रचतो आणि पुढच्या हंगामात हुर्राक (फेणीआधीची सौम्य दारू) आणि फेणी काढताना जाळतो. मधल्या काळात त्या ओंडक्यांतल्या कोषांतून भुंगे निघतात आणि शेजारच्या झाडांवर जातात. शिवाय बुंधा आणि मुळं जमिनीत तशीच राहतात, आणि अळ्या तर तिथेच जास्त असतात. मेलेलं झाड मुळासकट काढावं, लगेच फोडावं आणि आतली अळी-कोष नष्ट करावेत. लाकूड जाळायचंच असेल तर त्याच हंगामात जाळून संपवावं. बाकी सगळे उपाय याच्यानंतर.

परक्या किडींना बंदरातूनही वाट आहेच. परदेशातून मालाबरोबर येणाऱ्या लाकडी पॅलेटवर (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर) गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलं आहे किंवा त्यावर दुसरी मान्य प्रक्रिया झाली आहे, असा त्याचा अर्थ. जुन्या पॅलेटची टेबलं-बाकं करायची हौस आता आपल्याकडेही आहे. विकत घेण्याआधी तो शिक्का शोधावा.

काकांनी त्या दिवशी काय केलं ते सांगतो. पटाशीने पोखरलेली साल तेवढीच काढली, निरोगी सालीला धक्का न लावता. बोगद्यांचा माग काढत मुळापर्यंत गेले. एका बोगद्यात अळी दिसेना, तर सायकलच्या चाकाची जुनी तार वाकवून आत घातली आणि ओढून काढली. पाच अळ्या निघाल्या. मग जखमेवर, बुंध्याच्या मीटरभर भागावर आणि उघड्या मुळांवर ५ टक्के कडुनिंब तेलाचं पाणी फडक्याने चोळलं. रासायनिक औषध वापरायचं असेल तर ते विभागीय कृषी कार्यालयात विचारूनच घ्यावं. मान्यता बदलत असतात, आणि त्याच झाडाखाली आपली माणसं बोंडू वेचत असतात.

हे वेचणं मला सगळ्यात मोठी संधी वाटते. फेब्रुवारी ते मे माणूस रोज प्रत्येक झाडाखाली वाकलेला असतो. महिन्यातून एकदा बुंध्याचा पाचोळा सारून भुसा दिसतो का, एवढं पाहिलं तर वेगळी फेरी मारावी लागत नाही. दहा-पंधरा वर्षांवरची झाडं आधी पाहावीत.

काकांच्या झाडाचा घेर तिसऱ्या हिश्श्याएवढा पोखरला गेला होता. परवा जाऊन पाहिलं. जखमेच्या दोन्ही कडांनी नवी साल ओठासारखी जाड होत आत सरकतेय. मध्ये अजून चार बोटं लाकूड उघडं आहे. पाचोळा सारून खाली हात फिरवला, भुसा नव्हता.