विशाखा समितीकडे तक्रार : कोण करू शकते, काय लागते, किती दिवसांत काय व्हायला हवे

एक विद्यार्थिनी फाईल घेऊन आली होती. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला जोडतात तशी सगळी कागदपत्रे नीट लावलेली : बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, मागच्या सेमिस्टरची मार्कशीट. तक्रारीचा कागद मात्र नव्हता. "पुरावा पूर्ण जमला की लिहिते," म्हणाली. शेवटचा प्रकार घडून अडीच महिने उलटले होते आणि मुदत असते तीन महिन्यांची. त्याच दुपारी, तिथेच बसून तिने तक्रार लिहिली.

लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या एका कॉलेजच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते. (ओळख पटू नये म्हणून वरचे तपशील बदलले आहेत.) पुराव्याची वाट पाहत मुदत घालवणाऱ्या मुली मी इतक्या पाहिल्या आहेत, की ही माहिती सविस्तर लिहावीशी वाटली.

कॉलेजात सगळे 'विशाखा समिती' म्हणतात, कारण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा. आज समिती चालते ती त्याच विषयावरच्या २०१३ च्या कायद्यावर आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांवर. कागदावर तिचे नाव अंतर्गत तक्रार समिती. महिला विकास कक्ष वेगळा. तो कार्यक्रम घेतो, व्याख्याने ठेवतो, पण चौकशीचा अधिकार समितीचा. अर्ज चुकून कक्षाकडे गेला आणि तिथेच पडून राहिला, असेही होते.

तक्रार कोण करू शकते

संस्थेतली कोणतीही विद्यार्थिनी, प्राध्यापिका, शिक्षकेतर कर्मचारी, कंत्राटी कामावरची महिला. पीएचडी करणारी अर्थातच. प्रवेशाच्या रांगेत उभी असलेली, अजून प्रवेश न मिळालेली मुलगीसुद्धा. दुसऱ्या कॉलेजची मुलगी स्पर्धेसाठी आली आणि तिथे काही घडले, तर ज्या कॉलेजात घडले तिथली समिती तिची तक्रार घेते. विद्यार्थी मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांनाही असा त्रास होतो हे आयोगाच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे आणि अशा हिंसेविरुद्ध ठाम पावले उचलणे ही संस्थेची जबाबदारी आहे. 'ही समिती फक्त मुलींची' असे सांगून कोणाला परत पाठवले, तर नियम दाखवा.

तक्रार करणारी व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या त्या स्थितीत नसेल, तर तिच्या वतीने नातेवाईक, मैत्रीण, सहकारी किंवा मानसोपचारतज्ज्ञ अर्ज देऊ शकतात.

'कॅम्पस' म्हणजे फक्त वर्ग नव्हे. वसतिगृह, प्रयोगशाळा, कॉलेजची बस, शैक्षणिक सहल, शिबिर, इंटर्नशिप, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव, सगळे यात येते. नको असलेला स्पर्श, अश्लील मेसेज, शरीरावरून शेरे, पाठलाग, 'इंटर्नल मार्क्स माझ्या हातात आहेत' असे सुचवून केलेली मागणी, हे सगळे लैंगिक छळात मोडते.

मुदत

घटनेपासून तीन महिने. प्रकार वारंवार घडत असेल, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशिराचे कारण पटले, तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणून उशीर झाला असेल, तर आजारपण, धमकी, परीक्षा, जे खरे कारण असेल ते अर्जातच लिहा.

'शेवटची घटना' कोणती, यावरून सगळे फिरू शकते. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्रकरणात शेवटचा छळ एप्रिल २०२३ चा आणि तक्रार डिसेंबर २०२३ ची होती. नंतरच्या प्रशासकीय कारवाया त्याच छळाचा भाग आहेत, असे तक्रारदाराचे म्हणणे होते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि तक्रार मुदतबाह्य ठरली.

कागदपत्रे

खरे लागणारे कागदपत्र एकच : तारखांसह लिहिलेली तक्रार. छापील नमुना हवा असे नाही. मराठीत लिहा, हाताने लिहिली तरी चालते. नाव, वर्ग, संपर्क, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव आणि पद किंवा वर्ग, आणि मग एकेक घटना.

"सर मला नेहमी त्रास देतात" या वाक्यावर चौकशी पुढे सरकत नाही. "मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, प्रॅक्टिकल संपल्यावर, प्रयोगशाळेच्या मागच्या टेबलाजवळ सरांनी माझा हात धरला आणि जर्नलवर सही हवी असेल तर थांब, असे म्हणाले. लॅब असिस्टंट नुकतेच बाहेर पडले होते" या मजकुरावर सरकते. वेळापत्रक तपासता येते, असिस्टंटला विचारता येते, जर्नलवरची सही पाहता येते. तारीख नक्की आठवत नसेल, तर 'युनिट टेस्टच्या आदल्या आठवड्यात' असे लिहा. आठवत नसलेली तारीख अंदाजाने ठोकून देऊ नका, उलटतपासणीत तीच पकडली जाते.

सोबत असेल ते जोडा. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट असे घ्या की वर नंबर आणि मध्ये तारीख दिसेल. मूळ चॅट डिलीट करू नका, फोन रीसेट करू नका. त्या वेळी मैत्रिणीला पाठवलेला "आज पुन्हा तेच झालं" हा मेसेजही कामाचा असतो. साक्षीदारांची नावे आणि पत्ते द्या. २०१३ च्या कायद्याखालील नियमांत तक्रारीच्या सहा प्रती मागितल्या आहेत. झेरॉक्सवाल्याकडे काम सोडून जाऊ नका, प्रती निघेपर्यंत समोर उभ्या राहा.

यासाठी लागत नाही ते : पालकांची सही, प्रतिज्ञापत्र, आधी केलेली पोलीस तक्रार, डॉक्टरचा दाखला. आणि पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, हे नियमांत आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचे सिद्ध होणे ही निराळी गोष्ट.

अर्ज कुठे द्यायचा

समितीच्या अध्यक्षांकडे किंवा कोणत्याही सदस्याकडे. सदस्यांची नावे आणि संपर्क दर्शनी भागात लावणे आणि माहितीपत्रकात छापणे बंधनकारक आहे. एका कॉलेजात तो फलक कपाटामागे सापडला आणि त्यावर निवृत्त झालेल्या बाईंचे नाव होते. असे असेल तर प्राचार्यांना एका ओळीचे पत्र देऊन सध्याच्या सदस्यांची नावे मागा. अर्ज बंद पाकिटात द्या, उघडा कागद ऑफिसच्या आवक टेबलावर ठेवू नका. आपल्या प्रतीवर तारीख, सही आणि आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. चौकशीचे दिवस या पोचेच्या तारखेवरून मोजले जातात. लिहिणे शक्य नसेल, तर लिहायला मदत करणे हे समितीच्या अध्यक्ष आणि सदस्यांचे काम आहे.

पुढे काय होते

सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्या व्यक्तीला जाते. त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि त्याची प्रत दोन्ही बाजूंना. संस्थेने तीस दिवसांत शिफारशींवर अंमल करायचा. निर्णय मान्य नसेल, तर अपिलासाठी शिफारशींच्या तारखेपासून तीस दिवस.

समितीच्या अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असतात, निम्म्याहून कमी महिला सदस्य चालत नाहीत, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. कुलगुरू, रजिस्ट्रार, अधिष्ठाता, विभागप्रमुख सदस्य असू शकत नाहीत. सुनावणीत वकील नसतात.

समोरच्याची बाजू नीट ऐकली जाते म्हणून खचू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात चौकशी घाईने उरकली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द करून प्रकरण समितीकडे परत पाठवले. मूळ तक्रारी २००९ च्या होत्या. चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. नीट ऐकून घेतलेली सुनावणी तक्रारदाराच्याच निकालाला टिकवते.

नव्वद दिवस त्याच माणसासमोर कसे काढायचे, हा खरा प्रश्न असतो आणि तो फार थोड्या मुली अर्जात विचारतात. विचारा. अंतरिम उपाय म्हणून समिती त्याला तुमचे पेपर तपासण्यापासून, काम जोखण्यापासून थांबवण्याची शिफारस करू शकते. तुमची किंवा त्याची दुसऱ्या विभागात बदली, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, त्याला अंतर राखण्याची ताकीद, स्पष्ट धोका असल्यास कॅम्पसबंदी, हेही करता येते. त्रास गाईडचाच असेल, तर 'माझ्या प्रगती अहवालावर दुसऱ्या मार्गदर्शकांची सही घ्यावी' असे नेमके लिहा.

समझोता फक्त तक्रारदाराने मागितला तरच, आणि पैशांवर कधीच नाही. "करिअरचा विचार कर, मिटवून टाक" असे कोणी सांगत असेल, तर ते वाक्य तारखेसह लिहून ठेवा.

पोलीस आणि दवाखाना

समितीकडची तक्रार आणि पोलिसांतली फिर्याद एकाच वेळी चालू शकतात. फिर्याद द्यायची असेल, तर मदत करणे संस्थेवर बंधनकारक आहे. लैंगिक छळ भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये आहे, पाठलाग ७८ मध्ये. घटना दुसऱ्या हद्दीतली असली, तरी कोणत्याही ठाण्यात शून्य एफआयआर (हद्द न पाहता नोंदवलेली फिर्याद) नोंदवता येतो. बलात्काराच्या प्रकरणात आधी दवाखाना. सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यावेच लागतात. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालील असेल (अकरावी-बारावीचे जवळजवळ सगळेच), तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा लागतो आणि पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. त्या वेळी समितीने 'आतल्या आत' पाहणे हाच गुन्हा ठरतो. तातडीला ११२, महिला हेल्पलाईन १८१. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००, महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तक्रार थेट संस्थेच्या प्रमुखाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जा. जिल्हाधिकारी कार्यालयात तिचा पत्ता मिळतो. आणि तक्रारीनंतर हजेरी कापली, टर्मवर्क अडवले, वसतिगृहाची खोली बदलली, तर ते सहन करत निकालाची वाट पाहू नका. त्याच दिवशी समितीला वेगळे पत्र द्या, आणि त्याचीही पोच घ्या.