अल्कलॉइड-सहनशीलता (वनस्पतीपेशींची)

झाडाच्या पेशी जे विषारी अल्कलॉइड (नायट्रोजन असलेली वनस्पतिजन्य रसायनं) बनवतात त्यानं त्या स्वतः मरत नाहीत, या क्षमतेला अल्कलॉइड-सहनशीलता म्हणतात. निकोटिनच्या बाबतीत हा प्रश्न तितकासा येत नाही, कारण ते किड्यांच्या मज्जातंतूंवर काम करतं आणि झाडाला मज्जातंतूच नाहीत. पण जे विष प्रत्येक सजीव पेशीत असलेल्या यंत्रणेवरच घाव घालतं त्याचं काय, हा खरा प्रश्न.

नेहमीचा उपाय म्हणजे विष रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसानं भरलेल्या पिशवीत, कोंडून ठेवणं. रिक्तिकेतला रस आम्लधर्मी, सामू साधारण 5 ते 5.5, त्यामुळे आत शिरलेल्या अल्कलॉइडवर धन प्रभार येतो आणि मग ते पडद्यातून सहज परत निघू शकत नाही. शिवाय पडद्यावर वाहक प्रथिनंही असतात, तंबाखूत ती सापडली आहेत. अफूच्या झाडात मॉर्फिन चिकवाहिन्यांत साठतं. सदाफुलीत वेगळीच व्यवस्था आहे: कॅथरँथिन हे अल्कलॉइड पानाच्या पृष्ठभागावरच्या मेणात सोडलं जातं, विंडोलिन हे दुसरं आतल्या पेशींत राहतं, आणि दोघं जोडून बनणारं विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध म्हणूनच पानात अगदी थोडं मिळतं.

सगळ्यात रंजक उदाहरण कॅम्पटोथेसिन या अल्कलॉइडचं, ज्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. हे 1966 मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी (मूळचे नंदुरबारचे) यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं, पुढे 1972 मध्ये आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही ते मिळालं. टोपोआयसोमरेज-1 हे एन्झाइम डीएनएचा पीळ सोडवायला एक धागा कापतं आणि लगेच जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं, जोडणी अडते, आणि डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे पोचली की दोन्ही धागे तुटून पेशी मरते. आता हेच एन्झाइम झाडातही आहे! 2008 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की त्या चिनी झाडात आणि ऑफिओरायझा प्युमिला या छोट्या वनस्पतीत या एन्झाइमच्या 722 व्या जागी (मानवी क्रमांकनानुसार) ॲस्परजिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन हे अमिनो आम्ल आहे, त्यामुळे कॅम्पटोथेसिनची पकड बसत नाही. हाच बदल कॅम्पटोथेसिनला दाद न देणाऱ्या मानवी ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) पेशींत आधीच दिसला होता. म्हणजे झाड आणि कर्करोगाची पेशी, दोघं वेगवेगळ्या वाटेनं एकाच अक्षरावर आले, हे खरंच थक्क करणारं आहे.

कॅम्पटोथेसिन मुळात बनवतं कोण यावर मात्र वाद आहे. 2005 मध्ये नरक्याच्या आतल्या सालीतल्या एका बुरशीपासून ते मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, मग चिनी झाडातल्या फ्युजेरियम सोलानी बुरशीतही, आणि काहींनी तर उगम बुरशीतच शोधायला सुरुवात केली. पण झाडाबाहेर वाढवत नेलं की बुरशीतलं उत्पादन घटत जातं, आणि फ्युजेरियमकडे स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज हे कळीचं एन्झाइम नाही, ते यजमान झाडाचं वापरावं लागतं असं दिसतं, तर ऑफिओरायझात ते झाडाच्या स्वतःच्या जनुकांत आहे. त्यामुळे झाडाचं पारडं जड मानायला हवं. बुरशीलाही त्या विषात जगायचं असतं, आणि तिच्याही टोपोआयसोमरेजमध्ये बदल आढळलेत.

कॅम्पटोथेसिनपासून बनलेली टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही कर्करोगावरची औषधं अमेरिकेत 1996 मध्ये मंजूर झाली. मागणीपायी कोल्हापूर-सिंधुदुर्ग भागात नरक्याची बेकायदा तोड आणि तस्करी झाली.