सुसॅक सिंड्रोम

सुसॅक सिंड्रोम : मेंदू, डोळ्याचा दृष्टिपटल आणि आंतरकर्ण यांतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ दाहजन्य आजार. शरीराची प्रतिकारशक्तीच या वाहिन्यांच्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजते, वाहिनी तुंबते आणि पुढच्या पेशींचा रक्तपुरवठा तुटतो. अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ जॉन सुसॅक व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दोन स्त्रियांच्या आजारावरून त्याचे वर्णन केले. २०१३ च्या आढाव्यात जगभरातले ३०४ रुग्ण सापडले. त्यांत वीस ते चाळीस वयाच्या स्त्रिया अधिक होत्या, आणि मेंदू, डोळा व कान या तिन्हींची लक्षणे सुरुवातीलाच दिसलेले रुग्ण जेमतेम १३ टक्के.

खरी अडचण इथेच आहे. मुंबईत कानात गुणगुण सुरू झाली की माणूस नाक-कान-घसा विभागात जातो. लोकलच्या इंडिकेटरचा एक कोपरा दिसेनासा झाला की डोळ्यांच्या ओपीडीत. डोकेदुखी, विसरभोळेपणा, चिडचिड, तोल जाणे या तक्रारी तर अनेकदा ‘टेन्शन’च्या नावावर खपतात आणि घरचेही तेच धरून चालतात. केस पेपर तीन, खिडक्या तीन. ते कागद एकाच डॉक्टरच्या टेबलावर येईपर्यंत कानाचे नुकसान होऊन गेलेले असते.

निदानासाठी तिन्ही ठिकाणी पाहावे लागते. एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या मध्यभागी हिमगोळ्यांसारखे गोल डाग दिसतात; मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (चेतातंतूंच्या आवरणाचा आजार) डाग सहसा त्याच्या खालच्या कडेला असतात. तरी या दोन आजारांची गल्लत वारंवार होते. डोळ्यांच्या अँजिओग्राफीत हातातल्या शिरेतून पिवळा फ्लुरेसिन रंग सोडून बुबुळाच्या पार मागचे फोटो काढतात. दाह झालेल्या धमनीची भिंत त्यात उजळून दिसते. त्वचा काही तास आणि लघवी एक-दोन दिवस पिवळी राहते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरतो. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणतपासणीच्या आलेखात, बहुधा खालच्या पट्टीतले आवाज आधी गेलेले आढळतात.

आपल्याकडे क्षयरोगही वगळावा लागतो. त्यानेही मेंदूच्या आवरणाला आणि दृष्टिपटलाच्या वाहिन्यांना दाह होतो, त्यावरच्या काही इंजेक्शनांनी ऐकू येणे कमी होते, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिल्यास दबलेला क्षय उफाळू शकतो. मात्र या तपासण्यांत आठवडे घालवू नयेत.

उपचाराची सुरुवात शिरेतून दिलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने होते. पुढे तोंडावाटे स्टेरॉइड, गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिन, मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड अशी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे देतात. काहींचा आजार एकदाच येऊन ओसरतो, काहींचा वर्षानुवर्षे उलटत राहतो. वेळेवर उपचार मिळाले तर विचारशक्ती बरीच सावरते. गेलेले ऐकणे मात्र क्वचितच परत येते; श्रवणयंत्र पुरले नाही तर कॉक्लिअर इम्प्लांटचा (आंतरकर्णात शस्त्रक्रियेने बसवायचे उपकरण) विचार होतो. श्रवणतपासणी आणि पुनर्वसनाची सोय वांद्रे रेक्लमेशन येथील, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आहे.