झडती

झडती : विदर्भातील खेड्यांत पोळ्याच्या दिवशी, बैल तोरणाखाली उभे असताना, भर गावासमोर म्हटली जाणारी यमकबद्ध टोमणेवजा रचना. श्रावण अमावास्येला दुपार कलली की झुली-बाशिंगं घातलेल्या जोड्या आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत लागतात. एक गडी झडती सोडतो, दुसरा तिला उत्तर देतो. शेवट ठरलेला : ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!’ मग तोरण तुटते, पोळा फुटतो आणि जो तो बैल घेऊन बोजारा, म्हणजे बैलजोडीची ओवाळणी, मागत घरोघर फिरतो.

झडतीत सावकार, पुढारी, कापसाचा भाव, सगळ्यांचे निघते. देवही सुटत नाही. एका जुन्या, गावोगाव पाठ असलेल्या झडतीत महादेव दोन पैशांसाठी रडतो, पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी असतात आणि देव गरिबासाठी कधी धावला, असा रोकडा सवाल येतो. लगेच त्याच महादेवाचा गजर! असले बोलणे भक्तालाच शोभते, आणि खपतेही. कायदाही इथे आड येत नाही. १९२७ साली दंड संहितेत आलेले कलम २९५अ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९९) गुन्हा ठरायला धर्माचा हेतुपुरस्सर व दुष्टबुद्धीने केलेला अपमान मागते. नुसते मनाला लागणे हे संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मधल्या, बोलण्याच्या स्वातंत्र्यावरच्या निर्बंधांत नाही. ‘त्रासदायक’सारख्या मोघम शब्दांवर माणसाला आत टाकणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले.

मात्र ही मोकळीक गावात सर्वांना सारखी नव्हती. पहिला मान पाटलाच्या जोडीचा. ज्याच्याजवळ बैल नाहीत तो कडेला, बाया त्याहून लांब. उत्तरादाखल झडती म्हणता येणाऱ्यालाच टोमणा झेपतो. बघ्यांतल्या बाईवर किंवा जातीवरून मजुरावर मारलेली झडती थट्टेत मोडत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरते, आणि ते योग्यच आहे. तिथे प्रश्न नाजूक भावनांचा नसून माणूस म्हणून उभे राहण्याचा असतो.

आता झडती मोबाइलवर चित्रित होऊन परगावी पोचते. तिथे पाहणाऱ्याला तोरणाखाली उत्तर देण्याची सोय नसते, म्हणून तो पोलीस ठाण्याकडे वळू शकतो. ट्रॅक्टरमुळे जोड्याही घटल्या आहेत. बऱ्याच गावांत सजवलेल्या जोडीला बक्षीस ठेवतात. ते देणारा पुढारी समोर खुर्चीवर बसला असला, की झडत्या बहुधा सावकारावरच निघतात.