लेबर रूमच्या दाराबाहेर बसलेली आई

माझ्या पहिल्या बाळंतपणात आई लेबर रूमच्या बाहेर बाकावर अकरा तास बसून होती. मांडीवर पिशवी, पिशवीत जुन्या सुती लुगड्याची दुपटी आणि तूप घातलेल्या गरम दुधाचा थर्मास. दार उघडलं की ती उठून उभी राहायची. मग कुणीतरी ‘आजी, बसा तुम्ही, वेळ आहे अजून’ म्हणायचं आणि दार पुन्हा लागायचं. आतल्या सिस्टर वाईट नव्हत्या. टेबलं तीन आणि त्या दोघी, एवढंच. कळ ओसरली की मी पंख्याकडे बघत पडायचे आणि पुढची कळ येण्याआधीच घाबरून घट्ट व्हायचे. आईला बाहेर ठेवण्यामागे काहीतरी शास्त्र असणार, असं तेव्हा मला वाटलं होतं. पुढे आरोग्यावर लिहायला लागले, अभ्यास वाचले, तेव्हा कळलं की शास्त्र आईच्या बाजूचं होतं.

ही गोष्ट मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालापासून सुरू करावी लागते. रॉबर्टो सोसा, जॉन केनेल, मार्शल क्लाउस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पहिलटकरणींवर केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. काही जणींना नेहमीसारखं एकटं ठेवलं. काही जणींजवळ एक बाई बसवली. ती नात्यातली नव्हती, ओळखीचीही नव्हती, सुईण किंवा नर्स तर नव्हतीच. तिचं काम एकच, जवळ राहायचं. पाठ चोळायची, हात धरायचा, बोलायचं.

संशोधकांना दोन्ही गटांत काहीही गुंतागुंत न झालेल्या वीस-वीस बाळंतिणी हव्या होत्या. सोबत असलेल्या गटात त्यासाठी ३३ जणींना घ्यावं लागलं, एकट्या ठेवलेल्या गटात १०३. म्हणजे बाकीच्यांना कुठे सिझेरियन, कुठे बाळाने पोटातच शी केलेली, असं काही ना काही झालं होतं. सरळ बाळंत झालेल्यांमध्येही, दाखल झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंत सोबत असलेल्यांना सरासरी ८.८ तास लागले आणि एकट्या असलेल्यांना १९.३. सोबत मिळालेल्या आया बाळंतपणानंतर जास्त वेळ जाग्या होत्या, बाळाला जास्त कुरवाळत होत्या, त्याच्याशी बोलत होत्या. मला या अभ्यासातलं हे शेवटचं निरीक्षण सगळ्यांत मोलाचं वाटतं. जिला कुणी सांभाळलं, तिच्यात बाळाला सांभाळायला बळ उरलं होतं.

अशा सोबतीणबाईला ‘डूला’ म्हणतात. शब्द मूळ ग्रीक, अर्थ सेवा करणारी बाई. डेना राफाएल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो १९७० च्या दशकात नव्या आईला आधार देणारी बाई अशा अर्थाने वापरात आणला.

पुढे केनेल आणि क्लाउस यांनी अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात सहाशेहून अधिक पहिलटकरणींचा अभ्यास केला. तो १९९१ मध्ये आला. या वेळी गट तीन होते. एका गटाला सोबतीण, एका गटाला कुणीच नाही. तिसऱ्या गटात खोलीत एक बाई बसायची, पण ती फक्त नोंदी करायची. बोलायची नाही, हात लावायची नाही. सिझेरियनचं प्रमाण सोबत असलेल्यांत ८ टक्के आणि कुणीच नसलेल्यांत १८ टक्के निघालं. मुक्या बाईच्या गटात ते १३ टक्के होतं. ज्या नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या, त्यांच्यापैकी पाठीत वेदनाशामक इंजेक्शन घ्यावं लागलेल्यांचं प्रमाण सोबत असताना सुमारे ८ टक्के, मुकी बाई असताना २३ आणि एकटीला ५५.

त्या १३ टक्क्यांपाशी मी बराच वेळ थांबले होते. कोपऱ्यात बसून वहीत काहीतरी लिहिणारी एक अनोळखी बाई, तिच्या नुसत्या असण्यानेही फरक दिसत होता.

असं का व्हावं? गर्भाशय आवळतं ते ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून ते थोड्या-थोड्या वेळाने रक्तात सुटतं आणि कळा वाढवत नेतं. बाई घाबरली की तिच्या शरीरात अॅड्रेनॅलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन वाढतं. नॉरअॅड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी होतं. अॅड्रेनॅलिन गर्भाशयाच्या स्नायूवरच्या ठरावीक ग्राहींवर, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागांवर, बसतं आणि स्नायू सैल करतं. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या तर त्या थोपवायला टर्ब्युटालिन किंवा आयसॉक्सुप्रिन देतात. ती औषधंही याच ग्राहींवर काम करतात. घाबरलेल्या बाळंतिणीच्या शरीरात कळा मंदावणारं रसायन असं आपोआप तयार होत असतं. मग कळा ‘लागत नाहीत’ म्हणून ऑक्सिटोसिनचं ड्रिप लावतात. ड्रिपने कळा एकदम जोराच्या येतात आणि भीती आणखी वाढते.

गावाकडे ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. म्हैस व्यायला झाली की गोठ्यात गर्दी करू देत नाहीत. नेहमीचं माणूस तेवढं जवळ, तेही हळू आवाजात बोलतं. नाइल्स न्यूटन या संशोधक बाईंनी १९६० च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. विताना माद्यांना सारखं इकडून तिकडे हलवलं तर पिल्लं जन्मायला जास्त वेळ लागतो, असं त्यांना दिसलं.

आता हात आखडता घेऊन सांगायची गोष्ट. सोबत म्हणजे जादू नव्हे. २०१७ साली कोक्रेन या, जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षेत १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत बायका होत्या पंधरा हजारांहून जास्त. सतत सोबत मिळाली तर सिझेरियन साधारण एक चतुर्थांशाने कमी होतं आणि कळांचा काळ सुमारे चाळीस मिनिटांनी कमी होतो, असं त्यात निघालं. ‘बाळंतपणाचा अनुभव वाईट होता’ म्हणणाऱ्याही कमी असतात. ग्वाटेमालातल्या दहा तासांपुढे ही चाळीस मिनिटं थोडी वाटतील. पण या उपायाने काही अपाय झाल्याचं त्या समीक्षेत आढळलं नाही. आणि जिथे सिझेरियन खरोखरच लागतं तिथे ते वेळेवर व्हायलाच हवं, सोबतीणही ते टाळायला बसलेली नसते.

आपल्याकडे हे सगळं एके काळी घरातच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात डोहाळेजेवण, मग सुईण, तेल लावून मालीश, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सव्वा महिना विसावा. यातलं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. कोंदट खोलीतला शेगडीचा धूर बाळाच्या फुप्फुसाला घातक होता. पहिला चीक पिळून टाकायचे, तो तर बाळाचा हक्काचा घास. रक्तस्राव सुरू झाला तर सुईणीच्या हातात फारसं काही नसायचं. रुग्णालयात जाणं हा बायकांचा जीव वाचवणारा बदल होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. फक्त त्या बदलात, ‘अगं, अजून थोडंच राहिलंय, सोड श्वास’ म्हणणारा आवाज दाराबाहेर राहून गेला.

घरच्या सेवेतही एक उणीव होती, अजूनही आहे. बाळंतिणीला काय खाऊ घालायचं हे दहा जणी सांगतात. तिला काय वाटतंय, हे विचारणारी क्वचित. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर बायकांपासून सुरुवात करून एक अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं. पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं होती. मुलगा झाला की मुलगी, याचाही परिणाम दिसला. डोहाळेजेवणात ‘पेढा की बर्फी’ खेळताना ताटाकडे लागलेल्या तिच्या नजरेत काय असतं, ते या आकड्यात आहे.

पुढे गोव्यातच वस्तीतल्या साध्या बायकांना शिकवून ‘सखी’ म्हणून नैराश्यात असलेल्या गरोदर बायकांकडे पाठवलं. डॉक्टर नव्हे, औषध नव्हे, घरी येऊन बोलणारी बाई. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सखी मिळालेल्या बायकांपैकी जास्त जणी नैराश्यातून बाहेर आल्या होत्या.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांत ‘बर्थ कंपॅनियन’ला परवानगी दिली. नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. संसर्गजन्य आजार नको, कपडे स्वच्छ हवेत, कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, दुसऱ्या बाळंतिणींकडे जायचं नाही. जिथे आडोसा आहे तिथे नवराही चालेल. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलं, आणि त्यात एक शब्द महत्त्वाचा आहे: तिच्या पसंतीची सोबत. सासूच्या नव्हे, नवऱ्याच्या नव्हे. तुमच्या घरात कुणाला सातवा लागला असेल तर नाव घातलेल्या दवाखान्यात आताच विचारून ठेवा, लेबर रूममध्ये कोण येऊ शकतं. कळा सुरू झाल्यावर दारात वाद घालायला कुणाला त्राण नसतं.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने मला निवडलं. तिची आई, माझी वहिनी, लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं की स्वतःच कोसळते. भाचीने ते आधीच ओळखलं होतं. रात्री दहाला आत गेले. कळ आली की माकडहाडाच्या वर तळव्याने दाबायचं, ओसरली की पाण्याचा घोट द्यायचा. ‘आत्या, जाऊ नकोस’ एवढं ती तीनदा म्हणाली. मी लघवीलाही गेले नाही. पहाटे साडेपाचला मुलगी झाली. माझे अंगठे दोन दिवस सुजले होते.

बारशाच्या दिवशी मी तिला विचारलं, त्या रात्रीचं काय आठवतं गं? माझं बोलणं, धीर देणं, असं काही ती सांगेल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, “तुझा हात गार होता.”